बाळाची अंडगोळी उतरली नाही : थांबायचं किती, ऑपरेशन कधी?

चार महिन्यांपूर्वीची गोष्ट. एका गटाची बैठक आटोपली. बचत जमा झाली, वसुली झाली, सह्या झाल्या, बाया घराकडे निघाल्या. एक ताई मात्र सतरंजी घडी करायच्या निमित्तानं मागे थांबली. सगळ्या गेल्यावर हळूच म्हणाली, "ताई, एक विचारू का? माझ्या बारक्याची एका बाजूची गोळी खाली आलेलीच नाही. सासूबाई म्हणतात, मोठा झाला की आपोआप उतरेल. थांबू का दवाखान्यात नेऊ?"

पोरगा केवढा, विचारलं. तर चार वर्षं पूर्ण.

चार वर्षं तिनं हा प्रश्न पोटात ठेवला. अंगणवाडीत तपासणीचं पथक आलं, तेव्हा हे सगळे लग्नाला गेलेले. सर्दी-तापाला दवाखान्यात नेलं, तर तिथं चड्डी काढून दाखवायची तिला लाज वाटली. आणि घरात विषय काढला की एकच उत्तर : "उतरेल गं, घाई काय आहे?"

सासूबाईंचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, हे आधी सांगते. बऱ्याच बाळांची गोळी खरंच आपोआप उतरते. पण त्याला एक मुदत असते. कर्जाच्या हप्त्याला जशी तारीख असते, तशीच या थांबण्यालाही आहे. ती मुदत कोणती आणि ती संपल्यावर काय करायचं, एवढं कळलं तरी निर्णय निम्मा सोपा होतो.

मुळात हे होतं काय?

मुलगा पोटात असताना त्याच्या अंडगोळ्या, ज्यांना डॉक्टर वृषण म्हणतात, त्या खालच्या पिशवीत नसतात. त्या तयार होतात पोटात, मूत्रपिंडाजवळ. मग हळूहळू खाली सरकत जांघेतून वाट काढतात आणि शेवटच्या दोन-तीन महिन्यांत पिशवीत येऊन बसतात. काही बाळांत हा प्रवास मध्येच थांबतो. कुणाची गोळी जांघेत अडकते, कुणाची पोटातच राहते. बहुतेक वेळा एकाच बाजूची राहते, क्वचित दोन्ही बाजूंच्या.

पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या 100 मुलांमध्ये साधारण तिघांना हा त्रास दिसतो. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांत प्रमाण बरंच जास्त असतं, 100 मध्ये 30 पर्यंत. त्यांचा तो शेवटचा प्रवासच अपुरा राहिलेला असतो ना! वर्षाचे होईपर्यंत मात्र 100 मध्ये साधारण एकाचीच गोळी वर राहिलेली असते.

म्हणजे हा काही जगावेगळा आजार नाही. तुमच्या गावात, तुमच्या वाडीवरही असं एखादं पोरगं असेलच. फक्त कुणी बोलत नाही.

आणखी एक गोष्ट नीट ऐका. गरोदरपणात तुम्ही हंडा उचललात, ग्रहणात भाजी चिरलीत, अमुक खाल्लंत म्हणून हे झालेलं नाही. बाळ लवकर जन्मणं, वजन कमी असणं, घरात आधी कुणाला असणं, यांनी शक्यता वाढते. पुष्कळदा तर कारण सापडतच नाही. आईला बोल लावायचं काही कारण नाही. कुणी लावला तर हे पान त्यांना वाचून दाखवा.

घरी कसं पाहायचं?

बाळाला तेल लावून, कोमट पाण्यानं न्हाऊ घातल्यावर बघा. त्या वेळी बाळ सैल असतं, पिशवीही ढिली असते. आपला हात गार नको. पिशवीच्या दोन्ही बाजूंना बोटानं हलकेच चाचपा. दोन्हीकडे शेंगदाण्याएवढी मऊशी गोळी लागायला हवी. एका बाजूची पिशवी रिकामी, चपटी वाटली तर पुन्हा दोन-तीन दिवस तसंच बघा. दाबायचं नाही, ओढायचं नाही.

थोड्या मोठ्या मुलाला मांडी घालून बसवा आणि मग बघा.

इथे एक गोम आहे. थंडीत, भीतीनं किंवा हात लावल्यावर धडधाकट मुलाचीही गोळी वर सरकते. दोन-तीन वर्षांच्या पोरांत तर हे फार दिसतं. न्हाताना किंवा झोपेत ती पिशवीत दिसते, आणि पोरगं उघडं उभं केलं की गायब. याला 'वर-खाली होणारी गोळी' म्हणा. डॉक्टरांनी ती बोटानं अलगद खाली आणली आणि सोडल्यावरही ती काही वेळ खाली थांबली, तर ऑपरेशन लागत नाही. पण अशा मुलाला वर्षातून एकदा दाखवत राहायचं. कारण यातल्या काहींची गोळी उंची वाढताना वर जाऊन तिथंच राहते.

तेव्हा 'खरोखर उतरलेली नाही' आणि 'वर-खाली होते' हा फरक आपण घरी ठरवायचा नाही. तो हात लावून डॉक्टरच ठरवतात. आपलं काम एवढंच, की शंका आली की दाखवायचं.

थांबायचं कुठवर?

आता मुख्य मुद्दा.

जन्मल्यावर लगेच ऑपरेशन करत नाहीत. पहिल्या तीन-चार महिन्यांत बाळाच्या अंगातलं पुरुषी संप्रेरक वाढतं आणि त्या जोरावर बऱ्याच गोळ्या स्वतःहून उतरतात. म्हणून पहिले सहा महिने थांबणं हाच योग्य सल्ला आहे. पण थांबणं म्हणजे विसरणं नव्हे. या काळात नोंद ठेवायची आणि पुन्हा पुन्हा बघायचं.

सहा महिन्यांनंतर गोळी आपोआप उतरण्याची शक्यता फार थोडी राहते. म्हणून सहा महिने झाले आणि गोळी खाली नाही, तर बालशल्यचिकित्सकाकडे, म्हणजे लहान मुलांच्या सर्जनकडे जायचं. ऑपरेशन सहा महिन्यांनंतर, शक्यतो वर्षाच्या आत आणि फार तर दीड वर्षापर्यंत व्हावं, असं आज जगभरचे तज्ज्ञ सांगतात.

बाळ लवकर जन्मलं असेल तर हिशोब वेगळा. सहा महिने मोजायचे ते जन्मतारखेपासून नव्हे, तर डॉक्टरांनी दिलेल्या बाळंतपणाच्या तारखेपासून. समजा तारीख होती 5 मे आणि बाळ आलं 10 मार्चला, तर सहा महिने भरतील 5 नोव्हेंबरला, 10 सप्टेंबरला नाही. ही तारीख तुमच्या माता-बाल संरक्षण कार्डावर लिहिलेली असते. कार्ड जपून ठेवा म्हणतात ते यासाठीही.

लक्षात ठेवायला सोपं जावं म्हणून आपल्या नेहमीच्या भेटींशी हे जोडून घ्या :

- जन्मल्यावर : घरी सोडायच्या आधी डॉक्टरांना किंवा सिस्टरला विचारा, "दोन्ही गोळ्या खाली आहेत ना?"
- साडेतीन महिने (14 आठवड्यांचं लसीकरण) : पुन्हा तपासून घ्या.
- सहा महिने (आशाताईंची घरभेट, वरचं अन्न सुरू होतं तेव्हा) : गोळी खाली नसेल तर आता सर्जनची चिठ्ठी मागायची.
- नऊ महिने (गोवर-रुबेलाची लस) : सर्जनला दाखवून झालेलं असावं.
- एक ते दीड वर्ष : ऑपरेशन झालेलं असावं.

आणखी थांबलं तर काय बिघडतं?

"दुखत नाही, खुपत नाही, पोरगं खेळतंय, मग कशाला कापाकापी?" हा प्रश्न घराघरांत येतो. रास्त आहे. उत्तर असं.

अंडगोळी पिशवीत लोंबते याला कारण आहे. तिला शरीरापेक्षा दोन-तीन अंश थंडावा लागतो. पोटात किंवा जांघेत तिला सतत ऊब लागते. त्या उबेनं पुढे वीर्य तयार करणाऱ्या पेशी कमी होऊ लागतात, आणि ही झीज पोरगं मोठं होण्याची वाट पाहत नाही. पहिल्या-दुसऱ्या वर्षापासूनच सुरू होते. वरून काही दिसत नाही, म्हणून आपण निवांत राहतो. एका बाजूची गोळी वर असलेली बहुतेक मुलं पुढे बाप होतात, कारण दुसरी बाजू काम सांभाळते. दोन्ही वर असतील आणि उशीर झाला, तर मूल होण्यात अडचण येण्याची शक्यता बरीच वाढते. पुढे लग्न झाल्यावर मूल होत नाही म्हणून बोलणी कोण खातं, हे आपल्याला ठाऊक आहे. सून खाते. खरं कारण कदाचित वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या या दुर्लक्षात असतं.

दुसरं, अशा गोळीत मोठेपणी कॅन्सर होण्याचा धोका इतरांपेक्षा काही पट जास्त असतो. घाबरू नका. हा कॅन्सर मुळातच कमी लोकांना होतो, त्यामुळे वाढलेला धोकाही थोडाच असतो. वयात येण्याआधी ऑपरेशन झालं तर तो कमी होतो. आणि गोळी पिशवीत असली की मुलाला पुढे स्वतःला हात लावून तपासता येतं. पोटातली गोळी कोण तपासणार?

तिसरं, अशा बाळांत जांघेतली वाट बहुधा उघडी राहिलेली असते. तिथून आतडं खाली येऊन अंतर्गळ, म्हणजे हर्निया होऊ शकतो. ऑपरेशनमध्ये ती वाटही बंद करतात.

चौथं, वर अडकलेल्या गोळीला पीळ बसू शकतो. पीळ बसला की तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत ती मरते.

घरात येणारे प्रश्न

*"तेल लावून, चोळून खाली येईल का?"* नाही. जांघ चोळून, ओढून, लेप लावून गोळी उतरत नाही. उलट नाजूक जागेला इजा होते. न्हाऊ घालणाऱ्या मावशींनाही हे सांगून ठेवा.

*"सुई-इंजेक्शननं काम होणार नाही का?"* पूर्वी संप्रेरकांची इंजेक्शनं देत. त्याचा उपयोग कमी मुलांना होतो आणि उतरलेली गोळी पुन्हा वर जाते, म्हणून आता ती सहसा देत नाहीत.

*"आधी सोनोग्राफी करून घेऊ?"* बहुतेक वेळा गरज नसते. सर्जनच्या हाताला जे कळतं त्याहून फार जास्त सोनोग्राफीत कळत नाही. सोनोग्राफीत गोळी दिसली नाही म्हणून ती नाहीच, असंही म्हणता येत नाही. तिच्यासाठी पैसे आणि महिने घालवू नका. आधी सर्जनला दाखवा, त्यांनी सांगितली तर करा.

*"एवढ्याशा लेकराला भूल?"* आईच्या काळजात धस्स होतं ते इथेच. सहा महिन्यांच्या आत भुलीचा धोका थोडा जास्त असतो, म्हणून तर ऑपरेशन त्यानंतर करतात. लहान मुलांना नेहमी भूल देणारे भूलतज्ज्ञ असतील तर ही भूल सुरक्षित मानली जाते. अंतर्गळाच्या ऑपरेशनसाठी तासाभराच्या आतली भूल दिलेल्या तान्ह्या बाळांवर काही देशांनी मिळून लक्ष ठेवलं होतं. पाच वर्षांची झाल्यावर त्यांच्या बुद्धीत, वाढीत फरक आढळला नाही. तरीही बाळाला सर्दी, खोकला, ताप असेल तर लपवू नका. तारीख पुढे गेली तरी चालेल.

*"आमच्या ह्यांना उशिराच उतरली होती, त्यांना कुठं काय झालं?"* असेल. कदाचित त्यांची वर-खाली होणारी असेल. पण एकाला निभावलं म्हणून दुसऱ्यालाही निभावेल असं नाही. बापाला असेल तर उलट मुलाकडे जास्त लक्ष द्यायचं.

ऑपरेशन कसं असतं?

गोळी हाताला लागत असेल, आणि दहापैकी आठ मुलांत ती लागते, तर जांघेत एक छोटा छेद आणि पिशवीवर एक बारीक छेद घेतात. गोळी मोकळी करून खाली आणतात आणि पिशवीत टाके घालून बसवतात. साधारण तासाभराचं काम. बऱ्याच ठिकाणी मूल त्याच दिवशी संध्याकाळी घरी येतं.

गोळी हाताला लागतच नसेल, तर पोटात दुर्बीण घालून शोधतात. कधी ती वर खूप दूर असते, तेव्हा काही महिन्यांच्या अंतरानं दोन टप्प्यांत ऑपरेशन करावं लागतं. कधी गोळी आधीच सुकून गेलेली असते. तसं असेल तर डॉक्टर समजावून सांगतात. एका चांगल्या गोळीवर मुलगा पुरुष म्हणून व्यवस्थित वाढतो.

ऑपरेशनला काही धोके आहेत, तेही माहीत असू द्या. सूज येणं, रक्त साकळणं, जखमेत पू होणं. क्वचित गोळी पुन्हा वर जाते किंवा रक्तपुरवठा बिघडून सुकते. हे थोड्याच मुलांत होतं, पण म्हणूनच या कामाचा सराव असलेला सर्जन बघायचा आणि नंतरच्या तपासण्या चुकवायच्या नाहीत.

उपाशी ठेवण्याच्या वेळा डॉक्टर सांगतील त्याच पाळा. अंगावरचं दूध साधारण चार तास आधी थांबवतात, वरचं दूध आणि खाणं त्याहून आधी. "रडतंय म्हणून दोन घास दिले" असं करू नका. भुलीत उलटी होऊन अन्न श्वासनळीत जाऊ शकतं. नंतर दोन-तीन आठवडे मुलाला सायकलवर, घोडा-घोडा खेळात पाय फाकून बसवू नका. कडेवर घेतानाही जांघेवर भार येणार नाही असं बघा.

पैशाचं काय?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्यांच्याकडून मुलाची नोंद करून घ्या, ते पुढे मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवतात. पथक येऊन गेलं असेल तर पुढच्या फेरीची वाट बघू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन सरळ जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय गाठा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. "हे ऑपरेशन इथं योजनेत बसतं का, नसेल तर कुठं बसतं?" हे दाखल होण्याआधीच विचारा. रेशनकार्ड, आधार आणि मुलाचा जन्मदाखला सोबत ठेवा.

जाण्या-येण्याचा, राहण्याचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च उरतोच. त्यासाठी गटाचं अंतर्गत कर्ज आहे, ग्रामसंघाचा जोखीम प्रवणता निधी आहे. लेकराच्या ऑपरेशनसाठी सावकाराच्या दारात जायचं नाही.

हे दिसलं तर थांबूच नका

- जन्मतः दोन्ही बाजूंच्या गोळ्या हाताला लागत नाहीत, किंवा त्यासोबत लघवीचं छिद्र नेहमीच्या जागी नाही. अशा बाळाला सहा महिने थांबायचं नाही, लगेच तज्ज्ञाला दाखवायचं. काही वेळा हा अंगातल्या संप्रेरकांचा दोष असतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत उलट्या, सुस्ती, वजन घटणं दिसलं तर जीवाला धोका असतो.
- जांघेत कडक गाठ आली, आत जात नाही, बाळ सारखं रडतंय, उलट्या करतंय.
- ज्या मुलाची गोळी वर आहे त्याच्या जांघेत किंवा ओटीपोटात एकाएकी जोरात दुखायला लागलं.

शेवटच्या दोन्हींत सकाळची वाट बघायची नाही. 108 ला फोन करा.

डॉक्टरांना काय विचाराल?

कागदावर लिहून न्या. गोळी खरोखर उतरलेली नाही की वर-खाली होते? हाताला लागते का, कुठं आहे? ऑपरेशन कोणत्या महिन्यात करायचं? लहान मुलांचा सर्जन आणि भूलतज्ज्ञ कोण असेल? नंतर कधी कधी दाखवायचं? "थांबा" म्हणाले तर एक प्रश्न नक्की विचारा : "किती दिवस थांबायचं? पुन्हा कोणत्या तारखेला येऊ?" तारखेशिवायचं थांबणं घेऊन घरी येऊ नका. बाळ वर्षाचं झालं आणि तरी कुणी "पाच वर्षांनी बघू" म्हणालं, तर दुसऱ्या सर्जनला दाखवायचा तुम्हाला हक्क आहे.

उशीर झालाच असेल तर?

तर आज निघा. चार वर्षांचा असो, आठ वर्षांचा असो. पेशींची थोडी झीज झाली असेल, पण उरलेलं वाचवता येतं, कॅन्सरचा धोका कमी करता येतो, पीळ बसण्यापासून सुटका होते. वयात आलेल्या मुलाचीही तपासणी करून घ्यायलाच हवी. त्याचा निर्णय थोडा वेगळा असतो, तो सर्जन सांगतील. मोठ्या मुलाशी बोलताना मात्र त्याची लाज राखा. चारचौघांत चेष्टा नको. ऑपरेशन झालेल्या मुलाला वयात आल्यावर महिन्यातून एकदा अंघोळीच्या वेळी स्वतःला तपासायला सांगा. गाठ, कडकपणा वाटला तर दाखवायचं.

त्या ताईचं पुढे काय झालं, विचाराल. दुसऱ्याच आठवड्यात ती आणि सासूबाई दोघी पोराला घेऊन जिल्ह्याला गेल्या. गोळी जांघेतच होती. ऑपरेशन झालं, संध्याकाळी पोरगं बिस्कीट मागत होतं. परवाच्या बैठकीला ताई आली तेव्हा बचतीची वही उघडायच्या आधी सासूबाईंचा निरोप सांगितला : "म्हणाव्या, आता घरात नातू झाला की मी पहिल्या दिवशीच बघीन."

मैत्रिणींनो, आपल्या दशसूत्रीत आरोग्य हे एक सूत्र आहे. पुढच्या बैठकीत हे पान मोठ्यानं वाचा. नावं घेऊन विचारू नका. फक्त एवढं सांगा, की ज्यांच्या घरी लहान मुलगा आहे त्यांनी उद्या न्हाऊ घालताना एकदा बघावं, आणि शंका आली तर आशाताईंना गाठावं. बघायला दोन मिनिटं लागतात. न बघितल्याचा त्रास त्या लेकराला जन्मभर होऊ शकतो.